मांगा, रहस्यकथा आणि स्वयंपाकाची पुस्तके : एका पत्राच्या निमित्ताने



गेल्या महिन्यात शाळेच्या पत्त्यावर एक पत्र आले. आजकाल पालकमंडळी फोनवरच निरोप धाडतात, तक्रारसुद्धा तिथेच करतात. हे पत्र मात्र रेघांच्या कागदावर, निळ्या शाईने, वळणदार अक्षरात लिहिलेले होते. लिहिणारे सातवीतल्या एका विद्यार्थ्याचे आजोबा. नातवाच्या दप्तरात त्यांना एक जपानी चित्रपुस्तक सापडले आणि त्यावर आमच्या वाचनालयाचा शिक्का होता. पुस्तक उलट्या बाजूने उघडत होते, भाषा इंग्रजी होती, आणि एका पानावर एक दाढीवाला बुटका माणूस भल्या मोठ्या विंचवाचे तुकडे करून पातेल्यात टाकत होता. आजोबांनी विचारले होते की, आमच्या वाडवडिलांनी इंदुरात दारोदार फिरून ह्या शाळेसाठी वर्गणी गोळा केली ती मुलांनी मराठी वाचावे म्हणून. मग हे काय चालले आहे?

पत्राचे उत्तर आम्ही पत्रानेच दिले. पण हा प्रश्न आणखीही घरांत विचारला जात असणार, म्हणून वार्तापत्राच्या ह्या अंकात थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी ते चित्रपुस्तक आले कुठून ते सांगतो. आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यात नोकरीला आहे. घर बदलताना त्याने दोन मोठे खोके शाळेला पाठवून दिले. त्यात बहुतेक मांगा होते. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. शाळेचा एक पैसाही त्यावर खर्च झालेला नाही. खोके उघडल्यावर आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "सर, हे रद्दीत द्यायचे की कपाटात, ते तुम्हीच वाचून ठरवा." त्या गंमतीने म्हणाल्या होत्या. पण दिवाळीची सुट्टी होती, आणि आम्ही खरोखरच वाचायला बसलो.

पहिल्या दिवशी फजिती झाली. आपल्या सवयीने डावीकडून पुस्तक उघडले आणि शेवट आधी वाचला. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो, पानावरची चौकटही उजवीकडची आधी. हे आम्हाला आमच्याच शाळेतल्या सहावीच्या मुलीने समजावून सांगितले, अगदी सावकाश, आपण आजीला मोबाइल शिकवतो तसे.

विंचवाचे पुस्तक ते हेच : 'डिलिशस इन डंजन'. लेखिका-चित्रकार र्‍योको कुई. जपानीत २०१४ ते २०२३ अशी दहा वर्षे ही मालिका चालली आणि चौदा खंडांत संपली. २०२४ मध्ये तिचे चलच्चित्र रूपही आले, मुलांना ते आधी माहीत होते. गोष्ट अशी की, एका भुयारात काही साहसी मंडळी उतरलेली असतात. तिथे एक लाल ड्रॅगन नायकाच्या बहिणीला गिळतो. तिला सोडवायला परत जायचे तर शिध्याला पैसे नाहीत. मग ते ठरवतात की वाटेत भेटतील तेच प्राणी शिजवून खायचे. बरोबर सेन्शी नावाचा एक बुटका आचारी आहे. तो तलवारीपेक्षा कढई जास्त जपतो. पहिलाच पदार्थ म्हणजे विंचू आणि चालणारे मशरूम ह्यांचा रस्सा. प्रत्येक पदार्थाची सामग्री, कृती आणि त्यातून मिळणारे पोषण, सगळे नीट मांडलेले आहे.

आम्हाला किळस येईल असे वाटले होते. पण चार प्रकरणांनंतर लक्षात आले की ही बाई स्वयंपाकघर जाणते. सेन्शी तरण्या पोरांना जे सांगतो तेच आमची आई सांगत असे : वेळेवर जेवा, चौरस जेवा, पुरेसे झोपा, मग जग जिंकायला निघा. आणि पुढे पुढे गोष्ट गंभीर होत जाते. कोण कोणाला खातो, जगण्यासाठी काय खावे लागते, भुकेल्या माणसाने पूर्वी काय खाल्ले असेल ह्या भीतीचे ओझे तो किती वर्षे वाहतो, हे सगळे त्यात येते. सातवीच्या मुलाने हे वाचले तर आमची हरकत नाही. आजोबांनीही वाचावे, अशी आमची विनंती आहे. विंचवाचे पान उलटून पुढे जावे.

खोक्यातल्या दुसऱ्या एका मालिकेने मात्र आमची झोप उडवली. 'अ सायलेंट व्हॉइस', लेखिका योशितोकी ओइमा, २०१३-१४ साली आलेली, फक्त सात खंडांची. सहावीच्या वर्गात एक कर्णबधिर मुलगी येते, शोको. वर्गातला शोया नावाचा मुलगा तिला छळतो, तिची श्रवणयंत्रे एकामागून एक खराब करतो. बाकीचा वर्ग हसतो. वर्गशिक्षक पाहून न पाहिल्यासारखे करतात. शेवटी प्रकरण वर येते तेव्हा तेच शिक्षक भर वर्गात एकट्या शोयाकडे बोट दाखवतात, आणि कालपर्यंत हसणारी मुलेही तेच करतात. दुसऱ्या दिवसापासून छळ होतो तो शोयाचा.

आम्ही तीस वर्षे वर्गात उभे आहोत. मुलांनी मुलांना छळल्याच्या तक्रारी किती आल्या आणि आम्ही किती वेळा एकाला उभे करून, दटावून, वर्गाला निर्दोष ठरवून मोकळे झालो, ह्याचा हिशेब ते पुस्तक वाचताना आपोआप सुरू झाला. शिक्षक प्रशिक्षणाची कैक भाषणे आम्ही ऐकली आहेत. त्यातले एकही इतके लागले नव्हते. ह्या मालिकेत आत्महत्येचा प्रयत्न आहे. म्हणून ती आम्ही नववीच्या खाली देत नाही, आणि नववी-दहावीच्या मुलांनाही देताना एक शिक्षक त्यांच्याशी बोलतो. पण शिक्षकांच्या खोलीत मात्र ती सगळ्यांनी वाचली. एका सरांनी सातवा खंड परत करताना काही न बोलता फक्त टेबलावर ठेवला.

इतर मालिकांविषयी थोडक्यात सांगतो. 'फ्रीरेन' आम्हाला फार आवडली. राक्षसराजाला हरवून वीर घरी परततात, तिथून ती सुरू होते. चमूतली एक जादूगार हजार वर्षांहून जास्त जगलेली आहे, तिला दहा वर्षांचा प्रवास म्हणजे काहीच नाही. पन्नास वर्षांनी सोबती म्हातारा होऊन मरतो तेव्हा तिला कळते की आपण त्याला ओळखून घेतलेच नाही. मुले तिच्यात जादू पाहतात. पन्नाशी ओलांडलेल्यांना दुसरेच काही दिसते. 'डीमन स्लेयर' २०१६ ते २०२० अशी चालली, तेवीस खंडांत संपली. तीत मुंडकी फार उडतात, म्हणून ती आठवीपासून पुढे. पण त्यातला मुलगा ज्या राक्षसाला मारतो त्याच्यासाठी हळहळतो, हे पोरांच्या लक्षात आलेले आहे, आम्ही विचारून पाहिले. 'वन पीस' १९९७ पासून चालूच आहे, शंभराहून जास्त खंड झाले. आमच्या दहाव्या खंडापर्यंतच माना टाकून झाल्या. आमच्या वयाला तेवढी सवड नाही. खोक्यातल्या दोन मालिका आम्ही बांधून परत पाठवल्या. मुलींची चित्रे ज्या नजरेने काढली होती ती नजर शाळेत यायला नको. त्यांची नावे देत नाही, दिली की मुले शोधत बसतील.

आता मराठीच्या प्रश्नाकडे येतो, कारण आजोबांचा मूळ मुद्दा तोच होता आणि तो खरा आहे. आमची मुले हे सगळे इंग्रजीतून वाचतात. हिंदीत तरी थोडे झाले आहे. हिरोशिमाच्या बाँबमध्ये वडील आणि भावंडे गमावलेल्या केइजी नाकाझावा ह्यांनी १९७३ पासून लिहिलेला 'बेअरफुट गेन' हिंदीत आला आहे. अनुवाद तोमोको किकुची नावाच्या जपानी बाईंनी केला. आम्ही तो हिंदीतूनच वाचला आणि आठवीच्या इतिहासाच्या तासाला त्यातली दहा पाने दाखवली. तो तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही. असे काही मराठीत आमच्या कपाटात नाही, ही उणीव आहे, आणि ती मांगा काढून टाकल्याने भरून येणार नाही.

आणि आमचे स्वतःचे काय? आम्ही ह्या शाळेचे प्रमुख असलो तरी आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. घरी मराठी बोलायचो, वाचायचो मात्र हिंदी. आणि वाचायचो तरी काय? सुरेन्द्र मोहन पाठक ह्यांचा विमल आणि पत्रकार सुनील, इब्ने सफींचे जुने अंक, वेद प्रकाश शर्मांच्या जाडजूड कादंबऱ्या. गल्लीतल्या दुकानात त्या दिवसाच्या भाड्याने मिळत. इंद्रजालचा वेताळ आणि चाचा चौधरी तर त्याहून आधी. वडिलांना कळू नये म्हणून भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचो. भूगोल कच्चा राहिला तो राहिलाच. पण पाचशे पानी पुस्तक हातात घेऊन एका बैठकीत संपवायची ताकद तिथूनच आली. पुढे एम.ए.ला प्रेमचंद आणि मुक्तिबोध वाचले ते त्याच डोळ्यांनी.

इतके असूनही आम्ही काय केले ते सांगायला हवे. १९९७ साली आम्ही दुसऱ्या एका शाळेत नवे शिक्षक होतो. नववीतला एक मुलगा बाकाखाली जासूसी कादंबरी वाचताना सापडला. अभ्यासात यथातथाच, पण पोरगा वाचत होता. आम्ही पुस्तक ओढून घेतले, वर्गासमोर मुखपृष्ठावरच्या चित्राची थट्टा केली, आणि पुस्तक कपाटात कुलूपबंद केले. वर्ष संपल्यावर त्याला बोलावून परत देऊ लागलो, तर तो म्हणाला, "राहू द्या सर, आता सवय सुटली." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यानंतर त्याच्या हातात कोणतेच पुस्तक आम्हाला दिसले नाही. ते पुस्तक भाड्याच्या दुकानातले होते, दंडही त्यानेच भरला असेल. आम्ही ते विचारलेही नाही.

आजोबांचे पत्र वाचताना तो मुलगा आठवला. म्हणूनच पुस्तके एकदम कपाटातून काढायला आमचा हात धजला नाही.

रहस्यकथांची गोष्ट निघालीच आहे तर अलीकडचे सांगतो. २०२४ साली 'तुंबाड' हा हिंदी सिनेमा पुन्हा थिएटरात लागला. तो प्रौढांसाठीचा सिनेमा आहे. आमच्या दहावीच्या पोरांनी तो कुठे आणि कसा पाहिला हे आम्ही विचारले नाही. पण त्यातला एक जण वाचनालयात येऊन विचारू लागला, "सर, ती म्हातारी नारायण धारपांच्या गोष्टीतली आहे म्हणे, ते पुस्तक आहे का?" होते. वीस वर्षे कोणी हात न लावलेले धारपांचे तीन-चार संग्रह मागच्या फळीवर होते, एकाला वाळवी लागली होती. ते पंधरा दिवसांत सगळे घराघरांत गेले. ज्या मुलाला मराठीचा धडा वाचताना जांभया येतात, त्याने धारप रात्री दिवा लावून वाचला आणि दुसऱ्या दिवशी 'किंकाळी' आणि 'आरोळी' ह्यांत फरक काय ते विचारले. मॅडमनी नंतर त्याला रत्नाकर मतकरींच्या गूढकथा दिल्या. मतकरींच्या गोष्टीत भूत बहुधा घरातच, नात्यातच असते. मुलांना त्या आधी सपक वाटल्या, मग जास्त भीती वाटू लागली.

जपान्यांच्या रहस्यकथाही मुलांनीच आम्हाला आणून दिल्या. उकेत्सु नावाचा एक लेखक आहे. तो पांढरा मुखवटा घालूनच लोकांसमोर येतो. त्याचे 'स्ट्रेंज हाउसेस' २०२५ मध्ये इंग्रजीत आले. त्यात घराचे नकाशे दिलेले असतात आणि नकाशातली एक विनाकारण कोंडलेली जागा पाहून गोष्ट उलगडते. लेखन म्हणून आम्हाला ते साधारणच वाटले, शेवटही ओढूनताणून आणलेला. पण नववीच्या तीन मुलींनी ते वाचून आमच्या शाळेच्या इमारतीचा नकाशा काढला, पट्टीने मोजून, आणि जिन्याखाली दोन फूट जागेचा हिशेब लागत नाही असे आम्हाला येऊन सांगितले. लागला. तिथे जुनी पाण्याची टाकी आहे. गणिताचे सर त्या दिवशी खूश होते.

त्याच सरांना आम्ही केइगो हिगाशिनो ह्यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' दिली. मूळ जपानी २००५ ची, तिला नाओकी पुरस्कार मिळालेला आहे. २०२३ साली तिच्यावर 'जाने जां' हा हिंदी सिनेमा निघाला, पण पुस्तक त्याच्यापेक्षा सरस आहे. त्यातला मुख्य माणूस शाळेतला गणिताचा शिक्षक आहे. बुद्धिमान, एकटा, मुलांना कंटाळवाणा वाटणारा. खून कोणी केला ते पहिल्या काही पानांतच कळते, तरी पुस्तक सोडवत नाही. आमच्या मते अलीकडच्या रहस्यकथांत इतकी घट्ट विणलेली दुसरी आम्ही वाचली नाही. मोठ्यांसाठी आणखी एक, असाको युझुकींची 'बटर', इंग्रजीत २०२४ मध्ये आली. एक बाई तुरुंगात आहे, पुरुषांना जेवू घालून मारल्याचा तिच्यावर आरोप आहे. पत्रकार मुलगी भेटायला जाते तेव्हा ती आधी सांगते, गरम भातावर लोणी आणि सोया सॉस घालून खाऊन ये. पुस्तक लांबले आहे, मधली शंभर पाने सहज कमी करता आली असती. पण आमच्या सौ. ते वाचून म्हणाल्या की, बाईने चवीने खाल्ले की लोकांना का खुपते, हे कोणीतरी लिहिले ते बरे झाले.

स्वयंपाकाच्या पुस्तकांविषयी लिहायचे म्हणजे घरातूनच सुरुवात करायला हवी. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली. आमच्या आईला तिची प्रत पुण्याच्या मामाने आणून दिली होती. आम्ही मराठी छापील पुस्तक म्हणून जे पहिल्यांदा पुरते वाचले ते हेच. सुट्टीत आई गव्हाच्या पिठात बुडालेली असायची आणि आम्हाला कृती मोठ्याने वाचायला लावायची. एकदा 'कडकडीत मोहन घाला' असे वाचून आम्ही विचारले की हा मोहन कोण? हिंदीत त्याला मोयन म्हणतात, आम्हाला काय ठाऊक! ती इतकी हसली की पीठ उडाले. 'परतणे', 'वाटण', 'चकत्या', 'फोडी', 'उकड', हे सगळे शब्द आम्ही तिथे वाचले. 'ळ' हिंदीच्या शाळेत कधी लिहिला नव्हता, तो डाळ आणि नारळ ह्यांच्यामुळे हाताला बसला.

२०२१ च्या एप्रिलात सौ. आजारी पडल्या आणि पंधरा दिवस वेगळ्या खोलीत होत्या. आई तोवर राहिली नव्हती. आम्ही तीच प्रत काढली. समासात पेन्सिलीने आईच्या हातचे बारीक अक्षर होते : इथले वांगे पाणी सोडते, तेल कमी, भाऊजींना तिखट चालत नाही, पाहुणे बारा, डाळ दोन वाट्या. एका पानावर तर पदार्थाशी संबंध नसलेली किराण्याची यादी. आमटी कशी झाली ते सांगण्यासारखे नाही. पण त्या पंधरा दिवसांत रोज अर्धा तास आम्ही आईशी बोलत होतो असेच वाटले. आमची मुलगी बंगळूरला असते. तिला त्या पानांचे फोटो पाठवले. तिने छापलेले हळूहळू वाचले, पण आजीचे अक्षर तिला वाचता आले नाही. फोनवर आम्ही वाचून दाखवले. आपल्या कितीतरी घरांत आज उघडले जाणारे शेवटचे मराठी पुस्तक पाककृतीचेच आहे, आणि तेही वाचणारे माणूस एकच उरले आहे. आजोबांची काळजी आम्हाला कळते ती ह्यामुळेच.

नव्या पुस्तकांत क्रिश अशोक ह्यांचे 'मसाला लॅब' (२०२०) इंग्रजीत असले तरी विज्ञानाच्या शिक्षकांनी घ्यावे असे आहे. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, छोल्यांत सोडा घातला की काय होते, फोडणी तेलातच का द्यायची, ह्याची कारणे त्यात आहेत. कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळते, हे वाचून आठवीच्या मुलांनी उघड्या पातेल्यात पाणी उकळून मोजले. थर्मामीटर ९८ वर थांबला. मुले म्हणाली बिघडला आहे. बिघडला नव्हता. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे पाणी शंभराच्या आधीच उकळते. पुस्तकातले शंभर अंश मुंबईचे, हे पोरांनी पाठ केले नाही, पाहिले. सई कोरान्ने-खांडेकर ह्यांचे 'पंगत' (२०१९) हेही चांगले आहे. मराठी स्वयंपाकघर एकच नसते, निरनिराळ्या भागांची आणि समाजांची घरे वेगळे रांधतात, हे ते दाखवते. मात्र त्यातली छायाचित्रे पाहून भूक लागते आणि इंग्रजीतली कृती वाचून आमची आमटी काही सुधारली नाही.

शाहू पाटोळे ह्यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मूळ मराठीच आहे, २०१५ चे. २०२४ मध्ये ते इंग्रजीत आले तेव्हा कुठे आम्हाला त्याचे नाव कळले, ही लाजेची गोष्ट. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजत होते, दूध-तूप आणि तेलसुद्धा जिथे मिळत नव्हते तिथे चव कशाने यायची, वाळवलेल्या मांसाच्या चान्या कशा करायच्या, हे त्यांनी लिहिले. 'रुचिरा'तल्या कुठल्याच पानावर ही माणसे जेवायला बसलेली नाहीत. आम्ही शुद्ध शाकाहारी घरातले, काही पाने वाचताना थांबावे लागले. पण थांबून वाचली. मग आठवले की आमच्या शाळेच्या खाद्यजत्रेत इतकी वर्षे दुकाने लागतात ती पुरणपोळी, साबुदाण्याची खिचडी, भुट्ट्याचा कीस आणि थालीपीठ ह्यांचीच. 'आपले पदार्थ' असा फलक असतो. वर्गातल्या काही मुली दर वर्षी म्हणायच्या, आमच्याकडे काही खास होत नाही सर. आम्ही ते खरे मानत आलो. ह्या वर्षी फलकावर नुसते 'घरचे पदार्थ' असे लिहिणार आहोत, आणि कृती मुलांनी आजीला विचारून मराठीत लिहून आणायची आहे. मालवी बोलीत आली तरी चालेल. कोणाला काय आणायचे ते शाळा ठरवणार नाही. सामिष पदार्थ आवारात नको असे काही पालकांचे म्हणणे आहे, त्यावर समितीत चर्चा बाकी आहे. आमचे मत, कृतीच्या वहीत तरी सगळे यावे.

कपाटाविषयी ठरले ते असे. मांगा राहतील. इयत्तेप्रमाणे फळ्या वेगळ्या केल्या आहेत आणि शिक्षकाने वाचल्याशिवाय नवा खंड फळीवर जाणार नाही. त्याच कपाटात खालच्या फळीवर धारप, मतकरी, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि वाळवीतून वाचलेले बाबुराव अर्नाळकर ठेवले आहेत. मांगाचा एक खंड नेणाऱ्याने खालच्या फळीवरचे एक पुस्तकही न्यायचे, असे मॅडमचे म्हणणे होते. आम्ही सक्ती नको म्हटले. सध्या मुले वरचे नेताना खालचे चाळतात, इतकेच. 'रुचिरा'च्या दोन प्रती आम्ही स्वतःकडून दिल्या आहेत. आईची प्रत दिली नाही.

आजोबांनी आमच्या उत्तराला उत्तर पाठवले. पहिला खंड वाचला, विंचू पटला नाही, पण तो आचारी बरा माणूस आहे, असे लिहिले आहे. पुढचा खंड नातवाकडून मागवला आहे. शनिवारी दुपारी ते वाचनालयात येऊन मुलांना अर्नाळकरांची एक कथा वाचून दाखवणार आहेत, त्यांच्याकडे झुंजारची जुनी पुस्तके आहेत म्हणे. ज्या घरांत आजी-आजोबांना असे काही वाचून दाखवायचे असेल, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. वेळ दुपारी दोन ते तीन.